सहा प्रश्न, चौसष्ट पानं: आनंदीबाई जोशींचं चरित्र मुलांसाठी बांधताना

वाचक पाचवी ते सातवीतला, म्हणजे १० ते १३ वर्षांचा. पुस्तक डेमी आकाराचं, ६४ पानी, चार फर्म्यांत (छपाईच्या एका फर्म्यात १६ पानं) बसणारं. विषय डॉ. आनंदीबाई जोशी. कागदावर प्रकरण इतकंच आहे. प्रत्यक्षात मुलांसाठीच्या चरित्रलेखनातल्या बहुतेक अडचणी या एकाच विषयात भेटतात: बालविवाह, घरातली मारहाण, दहा दिवसांत गेलेलं बाळ, बाविशीच्या आत आलेला मृत्यू, आणि या सगळ्यावर चढलेला ‘पहिली भारतीय महिला डॉक्टर’ हा जाड मुलामा.

या विषयाचा पहिला खर्डा साधारण असा येतो:

‘महाराष्ट्राच्या पावन भूमीत अनेक नररत्ने जन्माला आली. अशाच एका तेजस्वी स्त्रीचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. त्यांचे माहेरचे नाव यमुना होते. लहानपणापासूनच त्या अत्यंत हुशार, जिद्दी व कष्टाळू होत्या.’

मुलं हे लगेच ओळखतात. निबंधाच्या वहीतून आणि जयंतीच्या भाषणातून त्यांनी ते शंभरदा ऐकलेलं असतं. नायिकेने अजून काहीच केलेलं नाही, आणि लेखकाने तिला तीन विशेषणं देऊन टाकली आहेत. शिवाय ‘तेजस्वी’ म्हटल्याबरोबर शेवट ठरून जातो. पुढे काही अडेल, फसेल, कुणी नाही म्हणेल, ही शंकाच उरत नाही, आणि ती नसेल तर पान उलटायचं कशाला?

आधी जागेचा हिशेब करावा, कारण गोष्टीचा आकार त्यावर ठरतो. ६४ पानांतून शीर्षकपान, श्रेयपान, अनुक्रम यांची ४ पानं गेली. शेवटी कालपट, नकाशा आणि ‘हे कसं कळलं?’ यासाठी ६ ठेवावीत. चित्रं आणि छायाचित्रं मिळून १२ पानांची जागा खातात. उरली ४२. देवनागरी १६ पॉइंटात, ओळींमध्ये मोकळी जागा सोडून लावली की डेमीच्या पानावर साधारण १६० शब्द बसतात. म्हणजे मजकूर ६,७०० शब्दांच्या आसपास. मोठ्यांच्या चरित्राचं हे एक प्रकरण झालं. इतक्या जागेत जन्मापासून मृत्यूपर्यंत सगळं कोंबलं तर हाती तारखांची यादी येते. टाइप १२ पॉइंटावर आणून शब्द वाढवायची युक्ती हमखास अंगाशी येते: जोडाक्षरं चिकटून दिसतात आणि पाचवीतलं मूल तिसऱ्या पानावर पुस्तक मिटतं.

कणा कुठून आणायचा

आनंदीबाईंच्या बाबतीत लेखकाचं नशीब जोरावर आहे. तिची पत्रं आहेत, कॉलेजात प्रवेश मागणारा अर्ज आहे, पदवीचा प्रबंध आहे, छायाचित्रं आहेत. मृत्यूनंतर दुसऱ्याच वर्षी, १८८८ मध्ये, कॅरोलाइन डॉल यांनी लिहिलेलं इंग्रजी चरित्र बॉस्टनमध्ये छापलं गेलं. मराठीत काशीबाई कानिटकरांनी लिहिलं. आणि एक भाषण आहे.

फेब्रुवारी १८८३ मध्ये, अमेरिकेला निघण्याच्या काही आठवडे आधी, आनंदीबाई बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात इंग्रजीत बोलली. लोक मला शेकडो प्रश्न विचारतात, त्यांतल्या काहींची उत्तरं देते, अशी तिने सुरुवात केली आणि सहा प्रश्न मांडले. मी अमेरिकेला का जाते? भारतात शिकायची सोय नाही का? मी एकटी का जाते? परत आल्यावर मला वाळीत टाकणार नाहीत का? काही संकट ओढवलं तर काय करीन? आणि कुठल्याच बाईने आजवर केलं नाही ते मी का करावं?

पुस्तकाचा कणा हाच. लेखकाला वेगळी मांडणी शोधावी लागत नाही, कारण सतरा वर्षांच्या मुलीने ती करून ठेवली आहे. प्रत्येक प्रश्नाचा एक भाग, प्रत्येकी ६ ते ८ पानं. हे प्रश्न आजही मुलांना घरी ऐकू येतात: एकटी कशाला जातेस, इथे नाही का होत, काही झालं तर? अकरा वर्षांच्या मुलीला १८८३ साल समजावून सांगावं लागतं, हे प्रश्न समजावावे लागत नाहीत.

एक भोक राहतं. सहा प्रश्नांत बालपण येत नाही. ते दुसऱ्या प्रश्नात घालावं, कारण ‘भारतात सोय नाही का’ याचं उत्तर तिचं बालपणच आहे. कल्याणचं घर, नवव्या वर्षी लग्न, यमुनाची आनंदी होणं, टपाल खात्यातल्या नवऱ्याच्या, गोपाळरावांच्या, बदल्या: अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कोलकाता. बदली हा शब्द मुलांना नेमका कळतो. नवं गाव, नवी शाळा, नव्या बाई. तिच्या बाबतीत बऱ्याचदा शाळाच नव्हती, एवढा फरक सांगितला की पुरे.

आणि सहाही प्रश्नांच्या आधी दोन पानांचा एक प्रसंग, जो जन्माचा नाही:

‘अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात रोझेल नावाचं गाव आहे. १८८० साली तिथल्या थिओडिशिया कार्पेंटर दातांच्या डॉक्टरांकडे गेल्या. त्यांचा नंबर यायचा होता. तोवर त्यांनी एक मासिक वाचायला घेतलं. त्यात कोल्हापूरहून आलेलं पत्र छापलं होतं. लिहिणारा टपाल खात्यातला कारकून. माझ्या बायकोला शिकायचं आहे, अमेरिकेत आम्हाला मदत मिळेल का, असं तो विचारत होता. पत्रासोबत संपादकांचं उत्तरही छापलं होतं. त्यांचा सल्ला होता, दोघांनी ख्रिस्ती व्हावं. कार्पेंटरबाईंनी ते वाचलं. त्यांच्या दाताचं पुढे काय झालं, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. पण त्यांनी त्या अनोळखी मुलीला पत्र लिहिलं.’

जवळपास सत्तर-ऐंशी शब्दांत दोन खंड, एक नकार आणि एक ओळखदेख नसलेली बाई आली. दाताचं वाक्य गंमत म्हणून घातलेलं नाही. लेखक माहीत असलेलंच सांगतो आणि जिथे नोंद नाही तिथे थांबतो, हे मुलाला पहिल्याच पानावर कळावं यासाठी ते आहे. हवा कशी होती, बाईंनी कोणत्या रंगाचा झगा घातला होता, हे भरायचा मोह इथेच होतो. तो आवरला की पुढची साठ पानं सोपी जातात.

संवाद कुणी लिहिले?

या विषयावरची लोकप्रिय कादंबरी, नाटक आणि चित्रपट मराठी घरांत इतके मुरले आहेत की लेखकाला आठवणारे निम्मे संवाद तिथले असतात. कादंबरीकाराला ते लिहायचा अधिकार आहे. चरित्रकाराने ते उचलले की ती चूक ठरते आणि उसनवारीही. म्हणून खर्डा हातात आला की लाल पेन घेऊन अवतरणचिन्हांतल्या प्रत्येक वाक्यापुढे समासात कागदाचं नाव लिहावं: अमुक पत्र, अमुक भाषण. ज्यापुढे काहीच लिहिता येत नाही ते खोडावं. पहिल्या खर्ड्यातले बहुसंख्य संवाद इथे गळतात, आणि लेखक घाबरतो की आता उरलं काय.

उरतं ते जास्त चांगलं असतं. सेरामपूरच्या भाषणात ती मुंबईतल्या शाळेच्या वाटेबद्दल सांगते. हातात पुस्तकं घेऊन जाताना लोक मेहेरबानी करून खिडकीतून डोकी बाहेर काढून आपल्याकडे बघत. काही जण त्यासाठी गाड्या थांबवत. ही कोण बाई पायांत बूट आणि मोजे घालून शाळेत चालली, असं रस्त्यातले लोक तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणत. व्हरांड्यात सभ्यपणे बसलेल्यांना खडे मारायची लाज वाटत नसे. दुकानदार थुंकत.

‘लोकांनी तिची निंदानालस्ती केली’ या वाक्यात यातलं काय आहे? काही नाही. खडा, मोजा, थांबलेली गाडी हे मुलाला दिसतं. त्यातही ‘मेहेरबानी करून’ हा टोमणा आनंदीबाईचा स्वतःचा आहे. मूळ इंग्रजीत तो आहे आणि मराठीत तो टिकवणं हे अनुवादाचं खरं काम. तो गेला की सोसणारी बिचारी मुलगी उरते. तो राहिला तर खडे खाऊनही भर सभेत लोकांची फिरकी घेणारी मुलगी भेटते.

इथे एक काटेकोरपणा हवा. भाषण इंग्रजीत झालं. म्हणून ‘ती म्हणाली’ लिहून अवतरणात मराठी वाक्य टाकू नये. ‘तिने इंग्रजीत सांगितलं, त्याचा अर्थ असा’ एवढं एकदा सांगावं आणि पुढे अनुवाद वेगळ्या टाइपात लावावा. मुलांना हे जड जात नाही. त्यांच्या वर्गात निम्मं जग अनुवादातच चाललेलं असतं.

ती, त्या आणि ते

मराठीत चरित्र लिहिताना आदरार्थी बहुवचनाचा गुंता सुटत नाही तोवर एक पानही नीट वाचलं जात नाही. ‘आनंदीबाई अंगणात खेळत होत्या’ असं लिहिलं की सात वर्षांची मुलगी डोळ्यांपुढे येतच नाही. येते ती नऊवारीतली प्रौढ बाई, अंगणात लंगडी घालताना. उलट सबंध पुस्तकभर ‘ती’ ठेवलं तर काही शाळा आणि पालक नाराज होतात. ही नाराजी खरी असते, हसण्यावारी नेऊ नये.

पण त्याहून अवघड गोष्ट दुसरीच आहे. सवयीने आपण लिहितो: ‘गोपाळराव आले. त्यांनी आनंदीला विचारलं. ती घाबरली.’ नवरा ‘ते’, बायको ‘ती’. मुलाला कुणी सांगितलं नाही तरी कोण वरचढ आहे ते व्याकरणातून कळतं. त्या घरात ते तसंच होतं हे खरं, पण निवेदकानेही तीच उतरंड धरायची का?

या पुस्तकापुरता चालणारा तोडगा असा. बोटीवर पाय ठेवेपर्यंत ‘यमुना’ किंवा ‘आनंदी’, आणि सर्वनाम ‘ती’. पदवीदानाच्या पानापासून ‘डॉ. आनंदीबाई’ आणि ‘त्या’. मधल्या अमेरिकेतल्या भागात ‘आनंदीबाई’, पण ‘ती’. गोपाळराव वयाने थोर होते, बायकोपेक्षा साधारण वीस वर्षांनी मोठे, म्हणून ‘ते’ राहतात. मात्र ज्या भागात दोघं समोरासमोर येतात तिथे वाक्यं नावाने बांधावीत आणि सर्वनामं कमी करावीत. पदवीच्या पानावर सर्वनाम बदललं की वाचक क्षणभर थबकतो. मोठ्याने वाचताना मुलं स्वतःच म्हणतात, आता ‘त्या’ का झाली? त्या प्रश्नासाठी समासात एक ओळ पुरते.

‘म्हणूनच’ हा शब्द

गोपाळरावांनी तिला शिकवलं. गोपाळरावांनी तिला मारलं. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही पुस्तकात हवं. पहिल्या खर्ड्यात सहसा यातलं एकच येतं, बहुधा पहिलं. दुसरं आलंच तर असं: ‘प्रसंगी ते कठोर होत, म्हणूनच आनंदी घडली.’

त्या ‘म्हणूनच’मध्ये अख्खं पुस्तक बुडतं. वाचणाऱ्यांत कुणी घरी मार खात असेल, तर मार खाल्ला की माणूस मोठा होतो असं आपण त्याला छापून देतो. आणि ते इतिहास म्हणूनही खोटं आहे, कारण कार्यकारणाचा हा दावा कागदांत नाही. कागदांत आहे ते तिचं पत्र. त्यावरून लिहायचं तर असं:

‘आनंदीने शिकावं असं गोपाळरावांना फार वाटे. तिने अभ्यास टाळला की ते संतापत, मारतही. पुढे अमेरिकेतून लिहिलेल्या एका पत्रात तिने त्यांना याची आठवण करून दिली. दहा वर्षांची असताना लाकडाने खाल्लेला मार. अंगावर फेकलेली पुस्तकं आणि खुर्च्या. सोसण्यावाचून आपल्याला इलाज नव्हता, असं तिने लिहिलं.’

यात विशेषण नाही, वकिली नाही आणि ‘त्या काळी असंच असायचं’ अशी सारवासारवही नाही. मारणाऱ्याच्या तोंडावर हे लिहून कळवलं, समुद्रापलीकडून का होईना, ही या परिच्छेदातली घटना आहे. मुलं तिथेच थांबतात. चित्र इथे मारहाणीचं काढू नये. टेबलावरचं पत्र काढावं.

बाळाचं मरण हा त्याला लागून असलेला प्रश्न. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला, तो दहा दिवस जगला. हे वाक्य एवढंच लिहावं आणि परिच्छेद संपवावा. या दुःखातूनच तिने डॉक्टर व्हायचं ठरवलं, असं प्रत्येक पुस्तकात असतं. तसं असेलही. पण सेरामपूरला तिने जाहीर कारण दिलं ते वेगळं: भारतात हिंदू स्त्री-डॉक्टरांची गरज वाढते आहे आणि ते काम शिकायला मी पुढे येते. न्यू यॉर्कला उतरल्यावर २४ दिवसांनी, २८ जून १८८३ रोजी, पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजच्या आल्फ्रेड जोन्स यांना लिहिलेल्या अर्जात ती आणखी स्पष्ट आहे: माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरचे उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतील. तेव्हा बाळाचा प्रसंग आणि निर्णय शेजारी ठेवून ‘कदाचित’ हा शब्द वापरावा. ‘कदाचित’ने गोष्ट कमजोर होते, ही भीती मोठ्यांची. सहावीतलं मूल त्या शब्दावर वाद घालतं, आणि वाद घालणारं मूल पुस्तक सोडत नाही.

तारखांशी खेळ

हस्तलिखिताबरोबर एक कागद असावा: डावीकडे तारीख, मग त्या दिवशीचं वय, मग ठिकाण, मग पुरावा. वयाचा रकाना फार उपयोगी. ७ एप्रिल १८८३ ला ती कोलकात्याहून बोटीने निघाली, तेव्हा तिला अठरा पूर्ण होऊन एक आठवडा झाला होता. ४ जूनला न्यू यॉर्क. म्हणजे ५८ दिवस, शाळेच्या उन्हाळी सुटीपेक्षाही जास्त. पदवी ११ मार्च १८८६, एकविसावं पूर्ण व्हायला २० दिवस कमी. मृत्यू २६ फेब्रुवारी १८८७, पुण्यात, बाविसावं पूर्ण व्हायला ३३ दिवस कमी. हे वजाबाकीने निघतं, त्याला वेगळं संशोधन लागत नाही. पण छापील पुस्तकांत ती निघताना सतरा वर्षांची, वीस वर्षांची, काहीही असते.

‘तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्ती’ हा आकडा आजच्या रुपयांत बदलू नये. कोणत्याही पद्धतीने केला तरी उत्तर दिशाभूल करतं. वर्षाला २०० असा भागाकार द्यावा आणि पुढे जावं.

ठिकाणांच्या नावांत एक खड्डा आहे, आणि तो फक्त मराठी वाचकासाठीच खणलेला आहे. सेरामपूरचं बंगाली नाव श्रीरामपूर. काही लेखक शुद्धतेच्या हौसेने तसं लिहितात आणि अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या श्रीरामपूरचं मूल समजतं, ती आमच्याकडे भाषण करून गेली. ‘बंगालमधलं सेरामपूर’ असंच लिहावं आणि नकाशात कोलकात्याशेजारी ठिपका द्यावा. बोटीचा मार्ग मात्र हौसेने वळणं देऊन काढू नये. जी बंदरं पत्रांत सापडतात तीच जोडावीत, नाहीतर दोन टोकं दाखवून मधे समुद्र मोकळा ठेवावा.

एका छायाचित्राची चार पानं

१० ऑक्टोबर १८८५ ला फिलाडेल्फियात काढलेलं छायाचित्र पुष्कळांनी पाहिलेलं असतं. पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजच्या तीन विद्यार्थिनी: डावीकडे आनंदीबाई, मध्ये जपानची केई ओकामी, उजवीकडे दमास्कसची साबात इस्लामबूली. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात.

नेहमीची चूक म्हणजे त्यातून आनंदीबाईचा चेहरा कापून काढून पानाच्या कोपऱ्यात गोलात बसवणं. हे चित्र कापलं की मेलं. ते पूर्ण, पानभर छापावं, छपाईच्या मापात किमान ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), रंग न भरता. पुढच्या पानांवर त्यातले तुकडे मोठे करून दाखवता येतात: कपडे, हात, नजर. सोबत उत्तरं द्यायची घाई न करता प्रश्न ठेवावेत. तिघी रोज असेच कपडे घालत असतील की छायाचित्रासाठी घातले? कुणी सांगितलं असेल घालायला? तिघींनी एकमेकींशी कोणत्या भाषेत बोलायचं?

आणखी एक दुरुस्ती. तिघी एकाच वर्षी पदवीधर झाल्या असं सर्रास लिहिलं जातं. आनंदीबाई १८८६, ओकामी १८८९, इस्लामबूली १८९०. चित्राखालच्या ओळीत ही तीन सालं घातली की चूक पुढे जाणं थांबतं. इंटरनेटवरून चेहरे उचलताना तर दुप्पट सावध राहावं. एकोणिसाव्या शतकातल्या नऊवारीतल्या कुठल्याही बाईला कुठलंही नाव चिकटवलेलं सापडतं. छायाचित्र कोणत्या संग्रहातलं आहे ते कळत नसेल तर ते वापरूच नये.

प्रबंधाचा विषय, आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र, ऐकून मुलं गोंधळतात. ‘आपल्याकडे बाळंतपण कसं करत, याबद्दल तिने लिहिलं’ एवढं बस. पाचवीच्या मुलांपासून बाळंतपण हा शब्द लपवण्यात अर्थ नाही. ज्या बाईने त्याचा अभ्यास केला तिचंच हे चरित्र आहे.

डॉक्टर होती, तर बरी का नाही झाली?

पाचव्या प्रश्नाचा भाग, ‘संकट ओढवलं तर?’, क्षयाचा आहे. मुलं वरचा प्रश्न हमखास विचारतात, आणि पुस्तकात उत्तर नसेल तर त्यांना वाटतं की अभ्यास वायाच गेला. उत्तरासाठी अर्धं पान लागतं. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी मार्च १८८२ मध्ये जाहीर केला, म्हणजे ती निघाली त्याच्या वर्षभर आधी. जंतू सापडला, पण त्याला मारणारं औषध नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १८८२ नंतर साठाहून जास्त वर्षांनी, १९४३ मध्ये. जगातल्या कुठल्याच डॉक्टरकडे तेव्हा इलाज नव्हता. इथे विज्ञानाच्या दोन तारखा जे काम करतात ते ‘नियतीच्या मनात काही वेगळेच होते’ या वाक्याला कधीच जमलेलं नाही.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून तिची नेमणूक झाली होती. काम करणं घडलं नाही. हे सरळ लिहावं. नेमणुकीच्या वाक्याची रचना अशी करू नये की ती तिथे रुग्ण तपासत होती असं वाटावं. शेवट गोड करायच्या नादात हे हटकून होतं.

‘पहिली’चं काय करायचं

मुखपृष्ठावर ‘पहिली भारतीय महिला डॉक्टर’ हवं असा आग्रह विक्रीकडून येतो. १८८६ मध्येच कोलकात्याच्या मेडिकल कॉलेजातून कादंबिनी गांगुली डॉक्टर झाल्या, आणि त्यांनी पुढे प्रत्यक्ष व्यवसाय केला. रखमाबाईंनी लंडनला शिकून सुरत आणि राजकोटला वर्षानुवर्षं रुग्णसेवा केली. तेव्हा ‘पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी घेणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक’ हे बरोबर. मुखपृष्ठावर ते लांबतं, पण मुखपृष्ठावर प्रश्न टाकता येतो: ‘मी एकटी का जाते?’ तो तिचाच आहे आणि दोन इंचांत बसतो.

याच्याच जोडीचं दुसरं वाक्य: ‘त्या काळी मुलींना शिक्षण नव्हतं.’ पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली १८४८ मध्ये. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ताबाई साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला १८५५ साली, आनंदीबाईच्या जन्माच्या दहा वर्षं आधी. सगळा काळ काळोखात ढकलला की नायिकेची पणती जास्त उजळ दिसते, पण त्यासाठी दुसऱ्या दिवे लावणाऱ्यांना विझवावं लागतं.

हा धागा शेवटच्या चित्रापर्यंत जातो. तिच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या गेल्या. त्यांना आनंदीबाई ‘मावशी’ म्हणे. न्यू यॉर्क राज्यात पोकीप्सी इथे, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, त्या ठेवल्या आहेत. दगडावर नाव आहे, एम.डी. आहे, १८६५–१८८७ आहे, आणि शिक्षण घेण्यासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री असं इंग्रजीत कोरलेलं आहे. खर्ड्यात हे बहुधा ‘पहिली भारतीय स्त्री’ असं बदलून येतं. बदलू नये. दगडाचं चित्र जसं आहे तसं छापावं आणि शेजारी अनुवाद शब्दशः द्यावा. ‘ब्राह्मण’ का लिहिलं असेल, हे मूल विचारणारच, आणि उत्तर मागे चौथ्या भागात येऊन गेलेलं असतं: समुद्र ओलांडला की जात वाळीत टाकी, आणि मी हिंदू म्हणून जाईन नि हिंदू म्हणूनच परत येईन, असं तिने सेरामपूरला सांगितलं होतं. चित्राखाली त्या पानाचा क्रमांक द्यावा.

छपाईला जाण्याआधी एक भाग पाच-सहा मुलांना मोठ्याने वाचून दाखवावा. ‘आवडलं का?’ विचारू नये, ती हो म्हणतात. दुसऱ्या दिवशी त्यांना तो भाग सांगायला लावावा आणि ती काय गाळतात ते टिपावं. डॉलर गाळतील, तारखा गाळतील. बूट-मोजे गाळले, तर ते पान पुन्हा लिहायचं.